आकडा कोणी मोजला, हे आधी विचारा

खाण्यापिण्याचा सल्ला पूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून मिळत असे. बाजरी थंडीत खावी, काकडी उन्हाळ्यात, बाळंतिणीला अळीव आणि डिंक द्यावा, असा तो सल्ला असे. त्यात चूक-बरोबर दोन्ही होते, पण आकडे नव्हते. आज सल्ला मोबाईलवर येतो आणि आकडे घेऊन येतो. ‘दुधाच्या सतरा पट कॅल्शियम’, ‘पालकाच्या पंचवीस पट लोह’, ‘एका वाटीत बावीस ग्रॅम प्रथिने’. आकडा दिसला की शहाणासुरता माणूसही गप्प बसतो. मापून तोलून सांगितलेले दिसते, म्हणजे खरेच असणार, असे त्याला वाटते.

वाचकहो, आजच्या लेखात याच आकड्यांविषयी लिहायचे आहे. दोन पदार्थांची तुलना करू नये, असे माझे म्हणणे मुळीच नाही. जरूर करावी. ज्वारी घ्यावी की गहू, बदाम घ्यावेत की शेंगदाणे, मुलाला डब्यात बिस्किटे द्यावीत की पोहे, हे प्रश्न प्रत्येक घरात पडतात आणि त्यांची उत्तरे शोधणे हे चांगल्या गृहस्थाचे लक्षण आहे. माझा आग्रह एवढाच, की आकडा कितीचा आहे हे पाहण्याआधी तो मोजला कोणी हे पाहावे.

हा केवळ वादविवादाचा विषय नाही. गेल्या काही वर्षांत माझ्या दवाखान्यात हा प्रश्न रोज समोर येतो. एक गरोदर मुलगी सासूबाईंबरोबर तपासणीला आली. हिमोग्लोबिन आठ. लोहाच्या गोळ्या सुरू होत्या का, म्हणून विचारले, तर सासूबाई म्हणाल्या, ‘‘गोळ्यांनी तिला मळमळतं हो डॉक्टर. मोबाईलवर वाचलं, बीटाच्या रसानं रक्त वाढतं. महिना झाला, गोळ्या बंद केल्या. रोज सकाळी ताजा रस करून देते मी.’’ बाईंच्या मायेत काही खोट नव्हती. सून म्हणून नव्हे, तर लेक म्हणून त्या तिचे करीत होत्या. पण हिशेब पाहा. १०० ग्रॅम बीटात लोह असते एक मिलिग्रॅमहूनही कमी. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला जी गोळी मिळते, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असते. तेवढे लोह बीटातून मिळवायचे म्हटले तर दिवसाला सात-आठ किलो बीट लागेल! गोळीतले सगळे लोह अंगी लागत नाही हे खरे, पण बीटातलेही लागत नाही. बीटाचा रंग लाल आहे, एवढ्यावरून ते रक्त वाढवते असे कोणीतरी ठरवले, आणि पुढे ते हजारो मोबाईलवर फिरले. गोळी रात्री जेवणानंतर घ्यायला सांगितली, गोळीच्या आगेमागे चहा घ्यायचा नाही असे बजावले, तेव्हा मळमळही कमी झाली आणि पुढच्या तपासणीत रक्तही वाढलेले दिसले.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या फेरीत, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक, ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. ज्या राज्यात ही स्थिती आहे, तिथे ‘अमुक पदार्थात इतके लोह’ हा आकडा चुकीचा असणे ही किरकोळ बाब नाही. त्या आकड्यावर कुणाचे बाळंतपण अवलंबून असते.

मोजणारी माणसे कोण?

अन्नातली पोषकद्रव्ये घरी बसून ठरवता येत नाहीत. त्यासाठी नमुने गोळा करावे लागतात, प्रयोगशाळेत त्यांचे पृथक्करण करावे लागते आणि त्याला वर्षे लागतात. आपल्या देशात हे काम करणारी संस्था आहे. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था. १९१८ साली कुन्नूरला डॉ. रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी बेरीबेरी या रोगाच्या अभ्यासासाठी एका छोट्या खोलीवजा प्रयोगशाळेत काम सुरू केले, त्यातून ही संस्था वाढली. १९३७ साली डॉ. आयक्रॉइड यांच्या काळात भारतीय अन्नपदार्थांचे पहिले तक्ते छापले गेले. १९५८ मध्ये संस्था हैदराबादला आली. पुढे डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेले तक्त्यांचे पुस्तक १९७१ साली निघाले, १९८९ साली ते सुधारले गेले, आणि जवळजवळ दोन पिढ्या डॉक्टर, परिचारिका आणि गृहशास्त्राच्या विद्यार्थिनी त्याच पुस्तकावर शिकल्या.

२०१७ साली या संस्थेने सगळे काम नव्याने करून ‘इंडियन फूड कॉम्पोझिशन टेबल्स’ हे पुस्तक काढले. देशाचे सहा विभाग पाडून तिथल्या बाजारांतून नमुने आणले आणि ५२८ पदार्थ तपासले. त्यात ज्वारी, बाजरी, नाचणी, राजगिरा आहेत, तूर-मूग-मटकी आहे, शेवग्याचा पाला आणि चाकवत आहे, मासे आहेत. पदार्थांची मराठीसह अनेक भारतीय भाषांतली नावे दिलेली आहेत. हे पुस्तक इंटरनेटवर वाचता येते. भारतीय अन्नाविषयी माझ्या दृष्टीने हाच पहिला आधार आहे. कुठल्याही मोबाईलवरच्या आकड्याची शंका आली तर तो इथे ताडून पाहावा. याच संस्थेने २०२४ च्या मे महिन्यात भारतीयांसाठी आहारविषयक मार्गदर्शक सूचनाही प्रसिद्ध केल्या. काय खावे आणि किती खावे, हे त्यात साध्या शब्दांत आहे.

दुसरा आधार अमेरिकेच्या कृषी खात्याचा. २०१९ साली त्यांनी ‘फूडडेटा सेंट्रल’ नावाचे संकेतस्थळ सुरू केले. ते फुकट आहे, मोठे आहे आणि मोबाईलवरची बरीच कॅलरी मोजणारी अ‍ॅप तिथूनच आकडे उचलतात. पण तिथे दोन गोष्टी जपून पाहाव्यात. एक म्हणजे तिथले सगळेच आकडे प्रयोगशाळेत मोजलेले नाहीत. ‘फाउंडेशन फूड्स’ या सदराखालचे आकडे पृथक्करणातून आलेले असतात, तर ‘ब्रँडेड’ या सदराखालचे आकडे कंपन्यांनी आपापल्या वेष्टनावर छापलेले असतात. दुसरे म्हणजे ते अन्न अमेरिकेचे आहे. उदाहरण दुधाचे घ्या. तिथल्या साध्या दुधाच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ६१ कॅलरी असतात. आपल्या संस्थेच्या तक्त्यात गाईच्या दुधात ७३ आणि म्हशीच्या दुधात १०७ आहेत. आपल्याकडे घरी म्हशीचे दूध येते आणि अ‍ॅपमध्ये आपण नुसते ‘मिल्क’ लिहितो. पेल्यामागे जवळजवळ शंभर कॅलरींचा फरक पडतो. अ‍ॅपचा दोष नाही. म्हैस त्याच्या हिशेबातच नव्हती!

याशिवाय बरीच अ‍ॅप अशी आहेत की त्यांत कोणीही माणूस पदार्थ आणि आकडा भरू शकतो. ‘घरची पोळी’ म्हणून शोधले की सत्तर कॅलरीही मिळतात आणि दीडशेही. भरणाऱ्याची पोळी केवढी, तेल लावलेली की बिनतेलाची, हे देवच जाणे. आता तर यंत्राला प्रश्न विचारला की ते क्षणात सुरेख मराठीत उत्तर देते. त्या उत्तराखाली हा आकडा कुठल्या तक्त्यातला, असा उलट प्रश्न जरूर विचारावा आणि सांगितलेला तक्ता स्वतः उघडून पाहावा. सुरेख बोलणे आणि खरे बोलणे यांत फरक असतो, हे आपण माणसांच्या बाबतीत जाणतोच.

शंभर ग्रॅमचा फसवा तराजू

आकडा विश्वासू ठिकाणचा असला तरी तुलना चुकू शकते. सर्वांत जास्त चूक होते ती मापाची.

शेवग्याच्या पाल्याची ती प्रसिद्ध जाहिरात घ्या. ‘दुधाच्या सतरा पट कॅल्शियम, पालकाच्या पंचवीस पट लोह’. हा आकडा वाळवून केलेल्या पावडरीचा आहे आणि तुलना शंभर ग्रॅम पावडर विरुद्ध शंभर ग्रॅम पातळ दूध अशी आहे. दुधात बहुतेक भाग पाणीच असतो, पावडरीतले पाणी काढून टाकलेले असते. शिवाय शंभर ग्रॅम पावडर कोण खातो? डबीवर लिहिलेले असते ‘रोज एक चमचा’. चमच्यात पाच ग्रॅम धरली तर त्यांच्याच आकड्याप्रमाणे कॅल्शियम मिळते साधारण १०० मिलिग्रॅम. तेवढे तर अर्ध्या पेल्यापेक्षा थोड्याच कमी दुधात आहे.

पण गंमत पुढे आहे. ताज्या पाल्यात, आपल्या संस्थेच्या तक्त्याप्रमाणे, १०० ग्रॅमला ३१४ मिलिग्रॅम कॅल्शियम आहे. म्हणजे दुधाच्या अडीच पटीहून थोडे जास्तच. आणि शंभर ग्रॅम पाल्याची भाजी माणूस सहज खाऊ शकतो. परसातल्या झाडाचा पाला फुकट मिळतो, त्याची भाजी करून खाल्ली तर तो खरोखरच उत्तम आहार आहे. जाहिरातीने ज्या झाडाचे नाव वापरले ते झाड खोटे नव्हते, डबीचा हिशेब खोटा होता.

नाचणीचेही तसेच. १०० ग्रॅम नाचणीत ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम, दुधात १२० च्या आसपास. म्हणजे तिप्पट, हे बरोबर. पण एका भाकरीला पीठ लागते साधारण ५० ग्रॅम, त्यातून मिळते १८० मिलिग्रॅम. दोनशे मिलिलिटरच्या पेल्याभर दुधातून मिळते २४०. भाकरी आणि पेला अशी तुलना केली की नाचणी चांगलीच ठरते, पण दूध बंद करून नाचणी सुरू करावी इतकी नव्हे. लहान मुलांच्या आयांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

मापाची दुसरी चूक कच्च्या आणि शिजलेल्या पदार्थांची. तांदळात किती कॅलरी, असे शोधले तर एके ठिकाणी ३५६ सापडतात, दुसरीकडे १३०. दोन्ही बरोबर आहेत. पहिला आकडा कोरड्या तांदळाचा, दुसरा भाताचा. भातात पाणी असते, पाण्याला कॅलरी नसतात. तूरडाळीत शंभर ग्रॅमला जवळजवळ २२ ग्रॅम प्रथिने आहेत, हे खरे. म्हणून एका वाटी वरणातून बावीस ग्रॅम मिळतात, असे समजून चालणारी बरीच मंडळी मला भेटतात. घरच्या वाटीभर वरणात डाळ असते फार तर २५ ग्रॅम. म्हणजे प्रथिने पाचच ग्रॅम. वरण जितके पातळ तितकी ती आणखी कमी. वाढत्या वयाच्या मुलाचे पोट वरणभाताने भरते, पण प्रथिनांचा हिशेब अपुरा राहतो, त्याचे कारण इथे आहे. त्याच्या जोडीला उसळ, अंडे, दही, मूठभर शेंगदाणे हवेत.

आणि शेंगदाण्यांवरून आठवले. बदाम महाग म्हणून आपण मुलांना काही कमी देतो आहोत, अशी खंत पुष्कळ घरांत असते. तक्ता उघडा. शंभर ग्रॅम बदामांत प्रथिने साडेअठरा ग्रॅमच्या आत, शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेतेवीसच्या वर. बदामांत कॅल्शियम जास्त आहे, हेही सांगितले पाहिजे. पण प्रथिनांसाठी बदामच हवेत असे नाही. खरा आकडा हातात असला की गरिबाची खंत जाते आणि पैसेही वाचतात.

एककाचा घोळ

तक्ता वाचताना आणखी एका ठिकाणी पाय घसरतो, तो एककापाशी. २०१७ च्या तक्त्यांत ऊर्जा कॅलरीत दिलेली नाही, किलोज्यूलमध्ये आहे. ज्वारीपुढे १३९८ असा आकडा दिसतो. तो कॅलरीचा समजून कोणी ज्वारी सोडली तर हसावे की रडावे! त्या आकड्याला ४.१८ ने भागले की आपली नेहमीची कॅलरी मिळते, ३३४. (बोलीत आपण जिला कॅलरी म्हणतो ती शास्त्रात किलोकॅलरी. वेष्टनावर तसेच लिहिलेले असते. घाबरू नये.)

चोथ्याचेही तसेच. जुन्या पुस्तकात ज्वारीत चोथा १.६ ग्रॅम दिला आहे, नव्यात १०.२. ज्वारी बदलली का? नाही. पूर्वी आम्ल आणि अल्कलीत उकळून जो भाग उरे तेवढाच चोथा म्हणून मोजत. आता न पचणारा सगळाच तंतुमय भाग मोजतात. म्हणून एका धान्याचा आकडा जुन्या पुस्तकातून आणि दुसऱ्याचा नव्यातून घेऊन तुलना करू नये. इंटरनेटवर अशा खिचड्या पुष्कळ आहेत. ज्वारी आणि गहू यांची तुलना करायची तर दोन्ही आकडे एकाच पुस्तकातले घ्यावेत.

पालकाचे लोह हे याचे ठळक उदाहरण. जुन्या तक्त्यांत १०० ग्रॅम पालकात १०.९ मिलिग्रॅम लोह दिले होते. १९८९ च्या सुधारित आवृत्तीत ते १.१४ झाले. २०१७ मध्ये २.९५ आले. पानांवरची धूळमाती आणि मोजण्याची पद्धत यांनी हा आकडा सहज फुगतो, आणि जमिनीप्रमाणे, वाणाप्रमाणे तो खरोखरच बदलतोही. नव्या तक्त्यांत म्हणूनच आकड्यापुढे अधिक-उणे चिन्ह टाकून तो किती इकडेतिकडे होऊ शकतो तेही दिले आहे. प्रामाणिक आकड्याची ही खूण आहे. जुना १०.९ मात्र अजूनही इंटरनेटवर सुखेनैव नांदतो आहे.

भाकरी की पोळी?

आता या सगळ्याचा उपयोग करून एक नेहमीचा प्रश्न सोडवू. वजन कमी करायचे म्हणून पोळी सोडून भाकरी धरली, असे सांगणारे रोज भेटतात. एकाच तक्त्यातले, शंभर ग्रॅमचे आकडे घ्या. ज्वारी ३३४ कॅलरी, बाजरी ३४८, गव्हाचे पीठ ३२०. प्रथिने ज्वारीत १०, बाजरीत ११, गव्हात साडेदहा. चोथा तिन्हींत दहा ते साडेअकरा. म्हणजे पन्नास ग्रॅमची भाकरी आणि तेवढ्याच पिठाची पोळी यांत कॅलरींचा फरक सात ते चौदांचा, तोही पोळीच्या बाजूने! पोळीवर चमचाभर तूप घातले की मात्र ४५ कॅलरी वाढतात. फरक धान्यात नव्हता, तुपात होता आणि संख्येत होता. बाजरीत लोह मात्र गव्हापेक्षा दीडपटीहून जास्त आहे (६.४ विरुद्ध ४.१), म्हणून बाजरी जरूर खावी, पण त्या कारणासाठी खावी.

गूळ आणि साखरेचेही असेच आहे. दहा ग्रॅम गुळात साधारण ३५ ते ३८ कॅलरी, तेवढ्याच साखरेत ४०. गुळातून थोडेसे लोह मिळते, पण मधुमेहाच्या रुग्णाला त्या थोड्याशासाठी गुळाचा चहा चालतो असे कोणताही तक्ता सांगत नाही. ‘गूळ नैसर्गिक आहे’ हे वाक्य खरे आहे आणि रक्तातल्या साखरेला त्याचे काही सोयरसुतक नाही.

वेष्टन उलटे करून पाहा

बाजारच्या पाकीटबंद पदार्थांसाठी तक्ता शोधायला नको, तो पाकिटाच्या पाठीवरच असतो. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे ऊर्जा, प्रथिने, एकूण साखर, वरून घातलेली साखर, एकूण स्निग्धांश, संपृक्त स्निग्धांश, ट्रान्स फॅट आणि सोडियम हे आकडे शंभर ग्रॅमला किंवा शंभर मिलिलिटरला द्यावे लागतात. तुलना करताना याच शंभराच्या रकान्यातले आकडे घ्यावेत. ‘एका सर्व्हिंगला’ असा दुसरा आकडा असतो, तो कंपनीच्या सोयीचा. एका पाकिटात अडीच सर्व्हिंग, असे छापलेले असते आणि आपला मुलगा एकटाच पाकीट संपवतो.

दोन सोपे हिशेब पाठ करून ठेवावेत. सोडियमला अडीचने गुणले की मीठ येते. समजा पाकिटावर सोडियम १००० मिलिग्रॅम आहे, तर मीठ झाले अडीच ग्रॅम. दिवसाची मर्यादा पाच ग्रॅमची. म्हणजे अर्धा दिवस तिथेच संपला. दुसरा हिशेब साखरेचा. पाच ग्रॅम म्हणजे एक सपाट चमचा. पंचवीस ग्रॅम लिहिले असेल तर पाच चमचे डोळ्यांपुढे आणावेत. आणि घटकांची यादी वाचावी. जो घटक सर्वांत जास्त, तो यादीत पहिला असतो. ‘नाचणी बिस्किटां’च्या यादीत पहिला मैदा, दुसरी साखर आणि नाचणी पाचवी असेल, तर नाव कशाचे आणि माल कशाचा हे कळते.

पाकिटाच्या पुढच्या बाजूवर मात्र फार विसंबू नये. २०२४ च्या एप्रिलमध्ये याच प्राधिकरणाने इंटरनेटवरून माल विकणाऱ्यांना सांगितले, की दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी वगैरे ‘हेल्थ ड्रिंक’ या नावाखाली ठेवू नका, कारण कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ अशी व्याख्याच नाही. त्याच वर्षी जूनमध्ये, घट्ट केलेल्या रसात पाणी घालून बनवलेल्या पेयांवरून ‘शंभर टक्के फळांचा रस’ हे शब्द काढायला लावले. इतकी वर्षे आपण हे शब्द वाचून पैसे मोजत होतो.

पाच प्रश्न

तेव्हा पोषणाचा कोणताही आकडा समोर आला की पाच प्रश्न विचारावेत. हे मोजले कोणी? किती ग्रॅमला? पदार्थ कच्चा की शिजलेला, ताजा की वाळवलेला? एकक कोणते? आणि शेवटचा, सांगणाऱ्याला काही विकायचे आहे का? पाचांपैकी पहिल्याचे उत्तर मिळाले नाही तर उरलेले चार विचारायची गरज नाही. तो आकडा सोडून द्यावा.

तक्त्यालाही मर्यादा आहे, हे सांगून ठेवतो. ताटातले सगळे अंगी लागते असे नाही. पालेभाजीवर लिंबू पिळले तर तिच्यातले लोह जास्त शोषले जाते, जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी. हे तक्त्यात दिसत नाही. आणि आजार असेल तर तक्ता हा औषधाला पर्याय नाही. रक्तक्षय, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आकड्यांवरून स्वतःच गोळ्या बंद करू नयेत किंवा आहारात मोठे बदल करू नयेत. आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

शेवटी एक मागणी. देशाच्या पैशाने, देशाच्या बाजारातले धान्य आणून, देशाच्या प्रयोगशाळेत मोजलेला हा तक्ता इंग्रजीत आहे आणि किलोज्यूलमध्ये आहे. ज्या बाईला पाच माणसांचा स्वयंपाक करून घरातल्या अशक्त मुलीकडे लक्ष द्यायचे आहे, तिच्यापर्यंत तो पोचत नाही. बीटाच्या रसाचा संदेश मात्र तिच्या भाषेत, तिच्या हातात, फुकट पोचतो. ही लढाई बरोबरीची नाही. शंभर रोजच्या पदार्थांचा साधा तक्ता मराठीत, कॅलरीत आणि भाकरी-वाटी-चमचा या मापांत करून प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात, अंगणवाडीत आणि सार्वजनिक वाचनालयात लावायला फार खर्च येणार नाही. आपल्या जिल्हा परिषदेने आणि वाचनालयांच्या कार्यकारी मंडळांनी हे मनावर घ्यावे. शाळांतल्या विज्ञानशिक्षकांनी हा उपक्रम मुलांकडून करून घेतला तर त्याहून उत्तम. सातवी-आठवीच्या मुलांना भागाकार येतो, आणि घरी जाऊन आईला समजावून सांगण्याचा उत्साहही त्यांच्याकडे असतो.

तोपर्यंत निदान एवढे करावे. पुढच्या वेळी मोबाईलवर ‘इतक्या पट’ असा संदेश आला, तर तो पुढे पाठवण्याआधी पाठवणाऱ्याला विचारावे, ‘कोणी मोजले?’ बहुतेक वेळा संदेश तिथेच थांबेल.